पस्तीस किलो

गाडीच्या पुस्तिकेत, एकशे बाराव्या पानावर,
मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय:
छतावर पस्तीस किलोच्या वर काही ठेवू नये.
आठ वर्षं गाडी चालवली, हे पान आज उघडलं.

कयाक चोवीस किलोची. पिवळी.
सावियोने मडगावहून टेम्पोत घालून पाठवली.
टेम्पोवाल्याने विचारलं, बाई, हा भोपळा कुठल्या जातीचा?
आता ती दारात दोन स्टुलांवर पालथी आहे
आणि गल्लीतली पोरं येताजाता तिच्यावर तबला वाजवतात.

पस्तिसातून चोवीस गेले.
उरलेल्या अकरात रॅक, पट्टे, फोम, सगळं.

अक्कलकोट रोडला इरण्णाचं वर्कशॉप.
"कॅरियर ना? लग्नाचं सामान?"
"होडी."
त्याने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला.
"उजनीत?"
"आधी हिप्परग्यात. जमलं तर उजनी."
"पोहता येतं?"
हे सगळेच विचारतात.
छताला ना पन्हळ ना रेलिंग, मग दांडे धरणार कशाला,
हे कुणी विचारत नाही.

मी पोत्यात गुंडाळून दोन पाइप नेले होते.
नायनाच्या मागाचे.
माग भंगारात गेला तेव्हा तांदळाच्या डब्यामागे लपवलेले,
तेलाने काळे, मधोमध हाताने झिजून गुळगुळीत.
हे आडवे टाकायचे आणि त्यांच्यावर होडी,
रात्रभर मनात तेवढंच चाललं होतं.
इरण्णाने काही न बोलता ते काट्यावर ठेवले.
एकोणीस.
"बापाचं असलं तरी लोखंडच की, अक्का."

पाइप परत पोत्यात.

मग ॲल्युमिनियम. पंख्याच्या पात्यासारखे चपटे दांडे,
दाराच्या चौकटीला पकडणारे चिमटे, खाली रबर.
साडेपाच किलो. किंमत सांगत नाही,
घरात अजून सांगितलेली नाही.

वर आकड्यासारखे पाळणे घ्यावेत असं दुकानदाराचं मत.
त्यात होडी कुशीवर झोपते, जागा वाचते.
पण त्यासाठी तिला डोक्यावरून पलीकडे न्यावं लागतं
आणि महानंदाचा उजवा हात कानाच्या वर जात नाही.
एकोणतीस वर्षं बँकेत नोटा मोजल्या त्या हाताने.
दुकानदार म्हणाला, एखादा माणूस बरोबर न्या.
महानंदा म्हणाली, आम्ही काय आहोत?

मागे रूळ घेतला, पुढे सपाट गाद्या.
एक टोक टेकवायचं, दुसरं ढकलायचं,
चुलीत लाकूड सारावं तसं.
करकर आवळणारे पट्टे नकोच,
त्यांना थांबायचं कळत नाही, होडीला खळगे पडतात.
साध्या बकलाचे घेतले. हात पुरे म्हणेल तिथे पुरे.

रविवारी सहाला तुळजापूर रोड.
पन्नासला काटा आला आणि वर काहीतरी भुणभुणायला लागलं.
"कुणी रडतंय का गं?" महानंदा.
उतरलो. पट्टा सपाट होता, वारा त्याला वाजवत होता.
एक पीळ दिला. गप्प.

आणि पुढचा दोर अपुरा.
नाकापासून बंपरपर्यंत वीतभर कमी.
सावियोला व्हिडिओ कॉल लावला, तो अंथरुणातच होता.
"दुसरा दोर जोड. बघ, ही आमची दर्यावरची गाठ,"
म्हणत त्याने चार्जरच्या वायरीवर दाखवायला सुरुवात केली.
त्याचं पुरं व्हायच्या आत
माझ्या बोटांनी ती मारून टाकली होती.

तुटलेला ताणा जोडायची गाठ.
सात वर्षांची होते, नायनाने अंगठा थुंकीने ओला करून शिकवलेली.
तो स्वतः पापणी लवायच्या आत मारायचा
आणि कंबर तलावाच्या कडेने जाताना
पाण्याच्या बाजूला मला चालू द्यायचा नाही.

"तुला येते?" सावियो म्हणाला.
"कुणी शिकवली?"

उसाची ट्रॉली हॉर्न देत गेली.
मी गाठ ओढून पाहिली.
मग महानंदाने ओढून पाहिली, डाव्या हाताने.
"चल," ती म्हणाली, "ऊन चढेल."