सहा की चार

तिस्कावर, बाबल गावसाच्या टायरदुकानापुढे
साडेसातनंतर आम्ही जमतो.
एक बाकडं, दोन उलटे टप,
आणि खनिजट्रकच्या निकामी टायरवर मी,
पंचायतीतला कारकून,
स्कुटरचे अजून सात हप्ते बाकी असलेला.

विषय एकच.
कंपनीने जुनी ओरेला बंद केली,
आता तिची धाकटी येणार म्हणतात.
एक फोटो तेवढा आलाय,
काळ्यापांढऱ्या नक्षीच्या वेष्टनात गुंडाळलेली,
कुठल्याशा बर्फाळ रस्त्यावर, मागून.
त्यावरून रोहिदासने तिचं वजन काढलंय:
तेराशे वीस किलो.
तीस किलो तो कमी करील,
छप्पर कार्बनचं दिलं तर.

"सहा सिलिंडर," बाबल म्हणतो,
आपणच बसवून आल्यासारखा.
"चार. वर टर्बो. नियम बघ किती कडक झाले."
"टर्बो म्हणजे उसना दम."
"उसना असो, चढ चढतो ना? ह्याची स्कुटर बघ."
मी चहा पितो.

शून्य ते शंभर, साडेचार सेकंद की चार पूर्णांक एक,
या चार दशांशांपायी
मंगळवारी दोघे बोलले नाहीत.
इथून खांडेपारच्या पुलापर्यंत
किती गतिरोधक आहेत, ते कुणी काढत नाही.

मग किंमत.
टायरच्या बिलामागे रोज नवी बेरीज:
मूळ पंचाऐंशी लाख, त्यावर आयातकर,
रस्ताकर. विमा धर रे. विमा धरला.
रंगाचे वेगळे.
"तांबडा घेऊ या," रोहिदास म्हणतो,
"खाणीची धूळ बसली तरी दिसायची नाही."
घेऊ या, म्हणाला तो.
कुणी हसलं नाही.

कायतान मास्कारेन्यश या वादात नसतो.
एकतीस वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत होता,
कान तिथेच ठेवून आला.
आमच्या ओठांकडे बघतो,
सिलिंडर म्हटलं की बोटं वर करतो: सहा?

गुरुवारी जुनी ओरेला आली.
खरीच. हैदराबादचा नंबर, उजवं मागचं चाक बसलेलं.
बाबलने आधी हात धुतले,
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, कामाच्या आधी.
मालक फोनवर. आम्ही तिघे
चपला काढायच्याच राहिलो.
वजन विचारायचं होतं, सेकंद विचारायचे होते,
रोहिदास म्हणाला, "पाणी हवंय का?"

चाक बसलं. त्याने इंजिन सुरू केलं.
कायतान पुढे झाला, विचारलं नाही,
बॉनेटवर तळवा ठेवला
नि डोळे मिटले.
"स," म्हणाला.
थोडं थांबून: "तिसऱ्याक बरें ना."

मालकाने फोन खाली घेतला.
"सर्व्हिसवाले पण तिसराच म्हणाले," तो म्हणाला,
"पण त्यांनी कॉम्प्युटर लावला होता."

ती निघाली, फोंड्याच्या दिशेने.
आवाज वळणापर्यंत होता, मग वळणाच्या पलीकडेही,
मग होता की नव्हता असा.
कायतान रस्त्याकडे बघत नव्हता.
आमच्या तोंडांकडे बघत होता,
आवाज कधी संपला ते कळावं म्हणून.

रात्री रोहिदासने बिलामागे लिहून त्याला दाखवलं:
नवी कदाचित बॅटरीवरची. आवाजच नाही.
कायतानने दोनदा वाचलं
आणि असा हसला की खोकला लागला.
"म्हणजे आतां तुमकांय हात दवरचो पडटलो!"

कागद पालथा करून बाबलने बेरीज पुन्हा मांडली.
पंचाऐंशी, आयातकर, रस्ताकर, विमा, तांबडा रंग,
आणि सगळ्यात खाली
पंक्चर: दीडशे.