बोटभर फट

हमरियाच्या शेडमध्ये पहाटे साडेचारलाच
लोखंड हाताला कोमट लागतं.
गर्डरच्या पोटात मी आडवा,
डोक्याशी एक पडदा, पायाशी दुसरा,
सरपटत आलो तेव्हा कोपर सोललं ते आता झोंबतंय.
बाहेर भोकापाशी टेकबहादूर.
दर पाच मिनिटांनी पत्र्यावर दोनदा ठोकतो.
मी एकदा ठोकतो.
म्हणजे आहे.

वरच्या पट्टीला, दोन्ही कुशींना पक्का जोड.
खालच्या पट्टीला मात्र शिवायचं नाही,
बोटभर फट सोडायची.
कुरियननं पहिल्याच दिवशी दरडावलं होतं :
ओझं आलं की ताण तिला सोसायचाय,
तिथं जखडलंस तर तिथूनच तडकेल.

काल रात्री घरी फोनवर
हेच सांगायला गेलो,
वेगळ्याच गोष्टीबद्दल.
रेंज गेली.

उद्या भोकावर झाकण, चोवीस बोल्ट.
मग इथं कुणी येणार नाही,
उजेडसुद्धा.
अकराव्या पडद्यावर खडूनं नाव लिहिलं
आणि ग्लोव्हनं पुसलं.
जोडाचा नंबर आहे की.

धूर नळीकडे वळतोय, हळू.
काचेआड वितळलेला थेंब
माझ्या श्वासाबरोबर पुढे सरकतो.
टेकबहादूर ठोकतोय. दोनदा.
पुन्हा दोनदा.

थांब रे,
एवढा टाका संपू दे.