चार बोटं

येमुल मिस्त्रींनी आधी काही खोललंच नाही.
सायकल भिंतीला टेकवली,
म्हणाले, बाई, कोपर सीटच्या नाकाला लावा,
हात सरळ पुढे.
लावला.
माझ्या मधल्या बोटाचं टोक आणि हँडल,
यांच्या मधल्या फटीत त्यांनी आपली बोटं घातली, आडवी.
चारही मावली.
ही तुमच्या मापाची कधी नव्हतीच, म्हणाले.

मी मान दुखते म्हणून आले होते.
एकसष्ट पूर्ण. मणक्यात गॅप, उजव्या अंगठ्याला मुंग्या.
सांगणार होते, वयाप्रमाणे काहीतरी करा हिचं,
उभं हँडल, रुंद सीट,
टोपली लावलीत तरी चालेल, लाज सोडली आहे.

एकोणऐंशी साली सावे सरांनी ही दिली.
निळी, पाच गिअरची,
हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं.
क्लबातल्या कुठल्याशा उंच मुलाची,
तो बँकेत लागला म्हणून सुटलेली.
मी सतराची.
खांदे जळायचे, तळवे बधिर व्हायचे,
आणि नको तिथे सोलून निघायचं, ते कुणाला सांगणार.
सर म्हणाले, सहन कर. सवय होईल.
झाली.
शिवडी ते सायन आणि परत, रोज, मान खाली.
मुंबई मी पाहिली ती सगळी डांबरात:
गटाराची झाकणं, बसच्या तेलाचे डाग,
पुढच्या चाकाची पळती सावली.
शर्यतीत चौथी आले.
बक्षिसं तीन होती.

प्रभादेवीत, जिन्याखाली, येमुलांचं दुकान.
हँडलचा दांडा गंजून फ्रेमला धरून बसला होता.
तीन दिवस तेल पाजलं.
मग लाकडाचा ठोकळा ठेवून एकच ठोका,
आणि तो सुटला, हलत्या दातासारखा,
उगाच इतके दिवस भ्यायलो असं वाटायला लावून.
चाकं बदलली. नवी किंचित लहान,
म्हणून ब्रेकचे रबर तांदळाच्या दाण्याएवढे खाली.
टायर जाड. हवा जरा कमीच ठेवा, म्हणाले,
खड्डे त्यांना सोसू दे, तुम्ही कशाला.
मागे बशीएवढं चक्र, चढासाठी.

मी स्टुलावर बसून चहा पीत होते
आणि हिशेब लागत नव्हता.
सावे सर वाईट नव्हते. त्यांच्याकडे एकच सायकल होती.
पण मी?
एकतीस वर्षं परळच्या शाळेत पी.टी. शिकवलं.
बाई, बूट चावतात. सवय होईल.
बाई, पोटात दुखतंय. दोन राउंड मार, विसरशील.
उज्ज्वला घाग, सातवी ब,
थोरल्या बहिणीच्या बुटांत कापूस कोंबून धावायची.
मला दिसायचा तो कापूस.
मी तिला जोरात पळ म्हणायचे.
आता पन्नाशीला आली असेल.
पायाचं माप काय असेल कोण जाणे.

रविवारी तीन बत्तीचा चढ चढले.
बसून. एकदाही सीटवरून न उठता.
मागून आलेला पाववाला पुढे निघून गेला,
जाऊ दे.
मान वर होती म्हणून दिसलं:
तिसऱ्या मजल्यावर बनियनमधले एक गृहस्थ
दाढीच्या ब्रशने कोरफडीवरची धूळ झाडत होते,
एकेक पान धरून, मन लावून.
हा रस्ता मी किती वेळा केला असेन.
त्यांनी खाली पाहिलं.
येमुलांनी एक घंटी फुकट लावून दिली होती,
मी नको म्हटलेलं, शर्यतीच्या सायकलला घंटी नसते.
ती वाजवली.

जुनं हँडल त्यांनी पेपरात गुंडाळून परत दिलं.
टाकू नका, म्हणाले, चांगलं पोलाद आहे.
गॅलरीच्या ग्रिलला अडकवलंय.
त्याच्या दोन्ही शिंगांवर
मोजे बरे वाळतात.