वचन

डबा उघडताना मी आता डोळे मिटत नाही.
झाकणाशी झटापट चाललीय असं दाखवते,
तेवढ्यात उरकतं.
स्कन्थॉर्पच्या या वृद्धाश्रमात कुणी नको म्हटलेलं नाही.
पण पहिल्याच आठवड्यात ट्रेसीनं विचारलं,
"डोकं दुखतंय का?"
मी हो म्हटलं,
आणि तिनं दिलेली गोळी पाण्याबरोबर गिळली.
कोंबडा काही आरवला नाही.
या गल्लीत कोंबडे नाहीत.

मंडळाच्या तिळगुळाला निमकर वहिनी म्हणाल्या,
"तुम्ही ख्रिश्चन? बोलण्यावरून वाटत नाही हो!"
माझ्या हातात त्यांचंच वाण होतं, स्टीलची वाटी.
काय म्हणणार? छान आहे म्हटलं, वाटीला.

अर्नल्ड थ्वेट, खोली नंबर अकरा,
दर मंगळवारी अंघोळीच्या वेळी विचारायचा,
"तुला बाटवलं कुणी?"
माझ्या पणजीच्या आईला गावाच्या विहिरीवर चढू देत नसत,
मिशनच्या विहिरीवर दिलं.
"म्हणजे पाण्यासाठी गेलात!"
हो, पाण्यासाठीच.
तो हसायचा. हसणं आणि खोकला
त्याच्या छातीत एकाच खोलीत राहायचे.

चाळीस वर्षं भट्टीसमोर.
बायकोच्या मातीला पाद्रीनं नाव चुकवलं,
डोरीनची डॉरथी केली, दोनदा.
तेव्हापासून देवाशी अबोला.
मला त्यात त्याचं काही चुकलं असं कधी वाटलं नाही.

रविवारी राहुरीहून शांतवन दाजींचा फोन.
"कितीजणांना साक्ष दिलीस?"
मी मनात शोधते. सापडतात ती अर्नल्डची नखं,
शिंगासारखी,
आधी वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवावी लागतात.
"अजून कुणालाच नाही, दाजी."
"विलायतेत जाऊन गार पडलीस," म्हणतात.
थंडी आहेच इथे.

जानेवारीत त्यानं माझं मनगट धरलं.
माझ्यावर प्रार्थना करायची नाही.
जाताना नाही, गेल्यावर नाही,
तुझ्या त्या भाषेतही नाही. मला कळेल.
शब्द दे.
दिला.

आमच्याकडे वचन म्हणजे शास्त्रातली ओळ.
पाठ करून म्हटली की संडेस्कूलमध्ये पेन्सिल मिळायची,
माझ्याकडे सतरा झाल्या होत्या.
हे वचन आखूड होतं
आणि पाठ होता होईना.

गुरुवारी पहाटे, तीन चाळीस.
भट्टीचा लाल उजेड ढगाला खालून लागलेला.
त्याचा श्वास जिना चढायचा, मध्येच थांबायचा.
माझ्या जिभेवर स्तोत्रं येऊन उभी राहिली,
आजीच्या आवाजातली, चपला हातात घेतलेली.
मी म्हटलं, बसा. बाहेर बसा.
ओठ दातांखाली धरले.
मग शांतता फार झाली म्हणून सांगितलं,
परवा आपण हरलो, अर्नल्ड,
दोन-एक, शेवटच्या मिनिटाला, ऑफसाइड होता म्हणे.
त्याची भुवई हलली.
हलली असावी.

नंतर खिडकी उघडली, इथली रीत आहे.
कवळी धुऊन बसवली, भांग पाडला.
फॉर्मवर धर्माच्या रकान्यात
माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: नाही.
पेन थोडं अडलं. शाई थंडीनं अडते.

सहाला बसथांब्यावर मी एकटी.
शब्द खोलीपुरता होता
की इथवर लागू होता,
हे विचारायचंच राहून गेलं.
बराच वेळ उभी राहिले.
बस येऊन थांबल्याचं कळलं नाही, ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

मागच्या सीटवर डबा काढला.
रात्रीची भाकर, लसणाची चटणी.
झाकण आज खरंच घट्ट बसलं होतं.