मनोऱ्याच्या आत

लष्करातल्या लाल विटांच्या मनोऱ्याचं
कुलूप काढता काढता रोहेकर म्हणाले,
पायऱ्या मोजू नका, उतरताना कमी भरतात.

आई म्हणाली, माझे गुडघे खालीच बरे.
चपला आणि पिशवी तिच्यापाशी ठेवून
आम्ही दोघं त्यांच्यामागे निघालो.

बाबांनी चाळीस वर्षं रविवार पेठेत
डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळं उघडली.
केसासारखी स्प्रिंग, तिळाहून लहान स्क्रू.
अजून शिंक आली की मान वळवतात,
ताटातसुद्धा कुणाचं घड्याळ उघडं पडलंय जणू.
आणि इथे हे चाक, पोळपाटाच्या दुप्पट!
"अहो, ही तर बैलगाडी!"

रोहेकर हसले नाहीत.
बुधलीतून थेंब थेंब तेल सोडत राहिले
एकेका दात्यावर, बाळाच्या टाळूवर सोडावं तसं.

तबकडीच्या दुधी काचेतून
काटे उलटे दिसत होते.
आतल्या बाजूनं वेळ
उजवीकडून डावीकडे चाललेली.
"आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकासारखी," रोहेकर म्हणाले,
तेव्हा कुठे जरा सैलावले.

बाबांनी यंत्राला कान लावला.
भिंग नव्हतं, तरी एक डोळा मिटलेला.
"दिवसाला दीड मिनिट मागे पडतंय."
"मागे नाही पडत," रोहेकर. "सावकाश चालतं."
मग कुणीच काही बोललं नाही.
कबुतरांना मात्र बोलायचं होतं.

घंटा आणखी एका शिडीवर.
काठावर ओतलेली अक्षरं,
अर्धी हिरवी, अर्धी विष्ठेखाली;
नखानं खरवडून मी एक 'एस' मोकळा केला.
इतक्यात हातोडा मागे सरला,
शिव्या द्यायला माणूस श्वास घेतो तसा,
आणि पहिला टोल
कानात नाही, माझ्या भरलेल्या दाढेत वाजला.

मी अकरा मोजले. बाबांनी दहा.
उतरताना भांडण.
"पहिला धरायचा नसतो," मधूनच रोहेकर,
"तो नुसता 'ऐका' म्हणतो."
मग बारा वाजायला हवे होते,
पण हे मला रस्त्यावर आल्यावर सुचलं.

खाली आई रिक्षांच्या हॉर्नमध्ये बसलेली,
मांडीवर पिशवी, पिशवीवर चपला.
"वाजली का घंटा? मला मेलीला काहीच ऐकू आलं नाही."
बाबा पाठमोरे उभे राहून
मनगटावरची चावी ओढत होते,
काटा दीड मिनिट मागे.
"किती वाजले?" आईनं विचारलं.
"वाजतील," बाबा म्हणाले.