समुद्राकडचं दार

आमच्या ऑफिसात चार माणसं, एक हीटर,
आणि टेबलावर पत्र्याचा एक ट्रे,
ज्यात मी रोज एक गाव बुडवते.

हेच माझं काम. पुठ्ठ्याची घरं कापायची
शंभरास एक या मापात,
टाचणीच्या डोक्याएवढी माणसं उभी करायची,
मग चहाच्या कपाने पाणी ओतायचं, हळूहळू.
वीब्के चष्मा कपाळावर चढवून विचारते,
"कुठवर आलं?"
मी सांगते, "खिडकीपर्यंत."
ती वहीत लिहिते. टियार्क कॉफी गाळतो.
हुझुममधल्या दुपारी अशाच जातात.

बाहेर पाटी आहे : किनाऱ्यासाठी शाश्वत वास्तुरचना.
'शाश्वत' पुसताना दर वेळी
फडक्याला मीठ लागतं.

हार्क योहानसन आला तो नोव्हेंबरात,
खाजणापलीकडच्या बेटावरून,
गाळावरच्या रुळांवर चालणाऱ्या छोट्या गाडीने.
वय एक्याऐंशी. बूट दाराबाहेर काढले,
कुणी सांगितलं नसताना.
त्याचं घर मातीच्या उंचवट्यावर.
उधाण आलं की भोवतालची कुरणं समुद्र होतात,
मेंढ्या, ट्रॅक्टर, टपालपेटी,
सगळं वर ओढून घ्यावं लागतं.
पूर्वी वर्षातून दहा-बारा वेळा.
आता तो मोजत नाही.
नातीला मात्र तिथंच राहायचंय. म्हणून नवं घर.

आम्ही त्याला नकाशे दाखवले :
खोल रोवलेले काँक्रीटचे खांब,
भिंतींत वाळवलेलं समुद्रगवत,
आणि माडीवर आसऱ्याची खोली,
खालचं सगळं वाहून गेलं तरी जी उभी राहील.
वीब्के दीड तास बोलली.
रेडिओवर हवामान ऐकावं
तसा तो ऐकत होता.

मग त्यानं खिशातून दोरी काढली.
गाठी मारलेली. एकेक गाठ म्हणजे एकेक पाणी,
आज्याची, बापाची, तीन त्याच्या स्वतःच्या.
सगळ्यात वरच्या गाठीबद्दल तो काही बोलला नाही,
अंगठा तेवढा तिथं ठेवला.

आम्हाला वाटलं, आता म्हणणार उंची कमी पडते.
टियार्कने कॅलक्युलेटर जवळ ओढलासुद्धा.

"दार चुकीच्या बाजूला आहे," हार्क म्हणाला.

दार पूर्वेला होतं. वादळं पश्चिमेची.
कॉलेजात असंच शिकवतात.

"पाणी येणारच.
पण आलेल्याला जाता आलं नाही, की ते भिंत फोडतं.
आईनं बघितलंय माझ्या.
त्याला समुद्राकडे एक दार द्या,
आणि खाली असं काही ठेवू नका
की त्याला न्यावंसं वाटेल."

हीटर टिकटिकत राहिला.
अशा वेळी वीब्के पेन्सिलीला टोक करते.
त्या दिवशी दोन पेन्सिली संपल्या.

रात्री मी एकटी थांबले.
पुठ्ठ्याच्या घराला पश्चिमेकडून पात्यानं चीर दिली
आणि कप कलता केला.
पाणी आत गेलं. खोल्याखोल्यांतून फिरलं,
जागा बघायला आलेल्या भाडेकरूसारखं,
कोपरे चाचपत.
मी ट्रे जरासा उचलताच
निमूट बाहेर आलं,
जिन्याखालचं एक माणूस तेवढं घेऊन.
मी ते बोटाच्या टोकावर उचललं,
फुंकर मारून वाळवलं,
माडीवर ठेवलं.

जिल्हा कचेरीनं फाइल दोनदा परत पाठवली :
समुद्राच्या बाजूस दार, कारण नमूद करावे.
वीब्केनं रकान्यात लिहिलं, 'जाण्यासाठी.'
कुणाच्या, ते लिहायला जागा नव्हती.

अजून सगळं तळ्यात-मळ्यात आहे.
टियार्क दर सोमवारी कचेरीत फोन लावतो,
नात दर गुरुवारी आम्हाला.
दोरी न्यायला हार्क परत आलेला नाही.
ती हीटरच्या वर, खिळ्याला.
ऊब लागली की तिला गाळाचा वास येतो.
झाडताना मी कधीमधी बघते :
शेवटच्या गाठीच्या वर
अजून हातभर दोरी मोकळी आहे.