मिरच्यांची किनार

अंगणात शवपेटी ठेवलीय, हिरव्या चादरीखाली.
इमामसाहेब एकदा खोकले.
पेटीत बाई असली की डोक्याच्या बाजूला
तिचा एक रुमाल घालायचा असतो,
म्हणजे खांदा देणाऱ्याला कळतं.
एकच. आणि संदुकीतून निघाले एकोणचाळीस.

येतेर तिचं नाव. येतेर म्हणजे पुरे.
चार मुलींवर पाचवी झाली तेव्हा
बापाने देवापाशी केलेली तक्रार ती.
ऐंशी वर्षं ती त्या तक्रारीला ओ देत राहिली.
पुरे, भाकरी झाली का? पुरे, शेळी सुटली बघ.
मी धाकटी सून. मी आई म्हणायचे,
त्यामुळे माझी सुटका होती.

नणंद नाझमिये फतकल मारून बसलीय संदुकीपाशी.
हा नको, ह्याच्यात दही टांगायची.
हाही नको, ह्याला एक कोपराच नाही,
शेळीचा पाय मोडला तेव्हा फाडला होता.
ह्याला अजून तंबाखूचा वास.
पहाटे तीनला कंदील घेऊन पानं तोडायला निघताना
नाकातोंडावरून गुंडाळून मागे गाठ, डोळे तेवढे उघडे,
सगळ्या बायका सारख्या;
मुकादम नावं चुकायचा, कुणी दुरुस्त करायचं नाही.
दुपारी तोच सोडायचा, झटकायचा, पसरायचा,
त्यावर भाकरी, जैतून, कांदा.
डोकं दुखलं तर कपाळावर बटाट्याच्या चकत्या
आणि वरून करकचून आवळलेला रुमाल.
तसा दिसला की पोरं चपला हातात घेऊन घरात शिरायची.
ओदेमिशच्या बाजाराला गाठ हनुवटीखाली,
बँकेत जाताना मागे, मानेवर.
लग्नात मात्र हातात:
नाचणाऱ्यांच्या रांगेत पहिली तीच असायची,
रुमाल गरगरा फिरवत अख्खी रांग ओढायची
ट्रॅक्टरने ट्रॉली ओढावी तशी.

आणि किनारी.
सुईने विणलेली दोऱ्याची इवली फुलं,
आमच्याकडे ओया म्हणतात.
बाईने तोंड उघडायचं नसे तेव्हा
किनार बोलायची.
बदामाचा मोहोर असला तर मनासारखं लग्न.
मिरच्या असल्या तर नवऱ्याशी बिनसलंय.

माझ्या लग्नाच्या वर्षी
सासऱ्यांनी, बेकिरनी, खालच्या शेतातले दोन अक्रोड
तिला न विचारता विकले,
फर्निचरवाल्याला, उभेच्या उभे.
ती भांडली नाही. भांडी आपटली नाहीत.
दोन रात्री दिव्याखाली बसली
आणि तिसऱ्या सकाळी डोक्यावर मिरच्या,
लाल, टोकदार, एकशे बारा.
मी मोजल्यात.
त्या सासऱ्यांच्या नाकाला अशा झोंबल्या
की त्यांनी कॉफीघरात जाणं सोडलं,
कारण गावाने त्यांच्याआधी वाचलं होतं.
शनिवारी त्यांनी रेशमी रुमाल आणला.
तिने त्याने खिडक्या पुसल्या.
काचा लख्ख निघाल्या, हे मात्र तिने कबूल केलं.

मग कधीतरी मिटलं. कसं, ते मला माहीत नाही.
एके दिवशी तिच्या डोक्यावर साधा पांढरा, बिनकिनारीचा,
आणि सासरे वाकून अक्रोडाचं रोप लावत होते.
ते पुढे शेळीने खाल्लं.

ह्यालाही आता किती वर्षं झाली.
सासरे जाऊनच अकरा.

इमामसाहेब पुन्हा खोकले.
नाझमियेच्या हातात तो पांढरा,
जाऊ झुल्फियेच्या हातात निळा,
दोघी रडतायत, दोघी सोडत नाहीत.
मी संदुकीत कोपरापर्यंत हात घातला.
तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
लाल रंग जरासा विटलाय, टोकं अजून शाबूत.

अगं, लोक वाचतील, नाझमिये म्हणाली.

पेटीवर घातला, सारखा केला,
वाऱ्याने उडू नये म्हणून गाठ मारली
हनुवटी असेल तिथे,
बाजाराला निघाल्यासारखी.
त्यांना दुरूनच दिसू दे, कोण येतंय
आणि काय बोलायचं राहिलंय.